वाटीतली भाजी, काट्यावरची भाजी

अगं, पाककृतीत 'दोन कप चिरलेला कोबी' असतो आणि बाजारात गड्डा मिळतो किलोच्या भावाने. हा मेळ बसवायचा तर सगळ्या भाज्यांना एकच आकडा लावू नकोस. वाटीत भाजीबरोबर हवाही भरली जाते, आणि ती किती भरली हे भाजीच्या जातीवर नि तू कसं चिरतेस त्यावर ठरतं.

आधी आपली वाटी ओळखून घे. रिकामी वाटी काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण आणि काठोकाठ पाणी भर. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर तिचं माप. घरातल्या आमटीच्या वाट्या बऱ्याचदा 150च्या आसपास भरतात, अमेरिकन कप मात्र सुमारे 240चा असतो. वाटीला कप समजून चालणाऱ्यांचा पदार्थ तिथेच फसतो.

आता 240च्या कपाचे आकडे वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेव. बारीक चिरलेला कांदा 160 ग्रॅम, बटाट्याच्या फोडी 150, टोमॅटो 180, सोललेले मटार 145. किसलेलं गाजर 110, चिरलेला कोबी 90 आणि कच्चा पालक जेमतेम 30. थोडंफार मागेपुढे होईल, ते चालतं. आपल्या वाटीसाठी आकड्याला 240ने भागायचं आणि वाटीच्या मिलिलिटरने गुणायचं. म्हणजे 150च्या वाटीत कांदा 100 ग्रॅम बसेल.

पालेभाजीच्या बाबतीत मात्र मापावर अजिबात भरवसा ठेवू नकोस. कोथिंबीर वडीचंच बघ. कोथिंबीर हलक्या हाताने भरली तर कपात 15-16 ग्रॅम मावते, दाबून भरलीस तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. बेसन तेवढंच राहिलं की एकदा वडी दडदडीत होते, एकदा तळताना सुटते. म्हणून वड्या मनासारख्या जमतील त्या दिवशीच कोथिंबिरीचं वजन टिपून ठेव. आणि वजन करायचं ते धुऊन, फडक्यावर पसरून, पुरती कोरडी झाल्यावर. ओल्या पानांबरोबर पाणीही तोललं जातं आणि तेच पाणी पुढे पीठ सैल करतं.

कच्चं की शिजलेलं, हेही नीट वाचत जा. शिजलेला पालक कपात 180 ग्रॅम भरतो, पण कच्चे सहा कप घेऊन तो होणार नाही, कारण शिजताना पाणी सुटतं आणि उडतं. जास्तच घ्यावा लागतो. कढईभर मेथी बघून मीठ घालण्याची घाई म्हणूनच करू नये. भाजी खाली बसू दे, मग घाल. निवडलेल्या पाव किलो पाल्याला अर्धा लहान चमचा पुरतो.

बाजारातून आणायचं वजन वेगळं आणि कढईत पडायचं वेगळं. शेंगांसकट किलोभर मटार आणलेस तर दाणे अर्ध्या किलोच्याही आतच निघतात, म्हणजे कसेबसे तीन कप. मेथीच्या जुडीतली मुळं, जाड देठं गेली की उरतं ते फार थोडं. सुरणाची साल जाड काढावी लागते, तेव्हा तो हात सैल सोडूनच घ्यावा. कांद्या-बटाट्याची घट तेवढी नसते.

मिरची, आलं, कढीपत्ता काट्यावर ठेवत बसू नकोस, ते आपल्या जिभेने ठरवायचं. चौघांच्या स्वयंपाकात वाटी थोडी कमीजास्त झाली तरी निभावतं. पण पन्नास पानं वाढायची असतील तर तीच चूक पन्नासांच्या हिशोबात वाढत जाते. तेव्हा वाट्यांचा गुणाकार न करता माणशी 100 ग्रॅम निवडलेली भाजी धर, म्हणजे पाच किलो. साल-देठांची घट त्यावर वेगळी मिळव आणि मगच बाजाराची यादी कर.