भिंतीतील वड आणि वामनवृक्षाची कला

वामनवृक्षांच्या कलेत निसर्गातून उचलून आणलेल्या झाडास विशेष मान आहे. जपानी भाषेत अशा झाडाला ‘यामादोरी’, म्हणजे डोंगरावरून घेतलेले, असे म्हणतात. कड्याच्या फटीत ऊनपाऊस सोसत खुजे राहिलेले झाड कुंडीत आले की त्याचे जुनेपण आयते हाती लागते; बी पेरून ते मिळवायचे तर एक आयुष्य पुरत नाही. या मोहाची किंमत जपानने मोजली आहे. ‘शिंपाकू’ जातीच्या जुनिपर झाडांसाठी संग्राहक दोर लावून कडे उतरले, त्यांतील काही दगावले, आणि इशिझुची, इतोइगावा यांसारख्या ठिकाणची जुनी झाडे जवळजवळ संपुष्टात आली.

भारतात हा मार्ग कायद्यानेही बंद आहे. राखीव वनातून झाड उपटणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मग हौशी माणसाने जुने झाड शोधावे कोठे? याचे एक उत्तर जुन्या भिंतींत सापडते.

तंजावरच्या दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव आहे. मराठी वाचकाला ते परके वाटू नये. मुक्तांबाळ हिच्या अंतिम इच्छेस मान देऊन सरफोजीराजे (दुसरे) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या नावाने येथे छत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न व निवारा मिळे. तंजावरच्या मराठी राजांनी या वाटेवर अशी अनेक छत्रे बांधली. वीट आणि चुना यांच्या अशा वास्तू, तशाच पुणे, सातारा, वाई येथील वाडे, घाट आणि विहिरी, यांचा एक समान शत्रू आहे : वड, पिंपळ, उंबर आणि नांदरूक यांची रोपे.

पक्षी या झाडांची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या भेगेत पडते. चुन्यात ओल टिकून राहते, तेवढी त्या बीजाला पुरते. सुतासारखे मूळ सांध्यात शिरते, पुढे जाड होते आणि विटा अलग करू लागते. वरचे खोड छाटून काहीच साधत नाही. उरलेल्या मुळातून पुन्हा फुटवा येतो. म्हणजे वास्तू वाचवायची तर हे झाड मुळासकट निघालेच पाहिजे. आणि नेमके तेच झाड वामनवृक्षासाठी उत्तम! माती नसल्याने त्याची उंची आवरलेली असते, बुंधा फुगलेला असतो आणि मुळे विटेच्या अंगाने चपटी पसरलेली असतात. त्यातही बारीक पानांचा नांदरूक नवशिक्याने प्रथम निवडावा. पिंपळाचे पान लहान करणे महाकठीण.

परवानगी येथेही हवीच. संरक्षित स्मारकाच्या भिंतीला पुरातत्त्व खात्याखेरीज कोणी हात लावू नये; खासगी वाड्यासाठी मालकाची संमती घ्यावी. मनगटाएवढे मूळ भिंतीत रुतले असेल तर त्याने विटा फोडल्या तशा धरूनही ठेवलेल्या असतात. ते ओढल्यास भिंतच खाली येईल. असे झाड जाणकार स्थापत्यविशारदावर सोपवावे.

लहान झाड काढतानाही ओढाताण नको. छिन्नीने सांध्यातील चुना हळूहळू खरवडून मूळ मोकळे करावे आणि जमेल तेवढी बारीक मुळे राखावीत. कापलेल्या जागी चीक वाहतो, तो पाण्याने धुऊन वर कोळशाची पूड लावावी. बरीचशी पाने काढून टाकावीत, मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळावीत आणि झाड त्याच दिवशी लावावे. भिंतीतील पोकळी चुन्यानेच भरून घ्यावी. सिमेंट जुन्या बांधकामाला मानवत नाही.

हंगामाबाबत मात्र पुस्तकांनी पुष्कळ घोटाळा केला आहे. जपानी पुस्तके वसंताचा आरंभ सांगतात. तो सल्ला तेथील थंडीत झोपलेल्या झाडांसाठी आहे. वडाच्या कुळाला ऊब आणि दमट हवा लागते. महाराष्ट्रात जूनमधील पहिल्या पावसानंतरचे दिवस त्यास योग्य ठरतात. ओरत्तनाडुकडे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला. तेथे हेच काम त्या पावसाच्या तोंडावर करावे. पुण्याचे वेळापत्रक तंजावरला चालत नाही.

आणलेले झाड लगेच उथळ ताटात लावण्याची घाई बहुतेकांना होते, आणि बहुतेक झाडे त्या घाईनेच मरतात. प्रथम खोल कुंडी घ्यावी. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे पानांचे खत हे मिश्रण पुरेसे आहे. झाड सुतळीने कुंडीला पक्के बांधावे, कारण हलणाऱ्या झाडाची नवी मुळे तुटतात. जागा सावलीची असावी. नवी पालवी दिसली म्हणजे झाड जगले असेही समजू नये. खोडात साठलेल्या रसावरही ती फुटते. पालवी दोन-तीन वेळा येऊन टिकल्यावरच खत द्यावे. तार गुंडाळून फांद्यांना वळण देण्याचे काम पुढच्या वर्षी, आणि उथळ कुंडी त्याच्याही पुढच्या पावसाळ्यात.