कायद्यात बसणारा टायर आणि बर्फात थांबणारा टायर

चि. सौरभ,

कायद्यात बसतात ते ऑल-सीझन टायर डेन्व्हरच्या हिवाळ्याला पुरणार नाहीत का, असं तू विचारलंस. माझं उत्तर असं, की कायदा पाळ, पण टायर कायद्याकडे बघून घेऊ नकोस. 2019 साली कोलोरॅडोच्या विधिमंडळाने आय-70 महामार्गावरच्या मॉरिसन ते डोटसेरो या डोंगरी पट्ट्यासाठी 1 सप्टेंबर ते 31 मेचा नियम केला. त्या नियमात ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर टायरच्या खाचा 3/16 इंच खोल असल्या की भागत होतं; साध्या गाडीला तेवढ्याच खाचांचे 'एम+एस' छापाचे टायरही चालत होते. पण 'एम+एस' हा छाप खाचांच्या रचनेवरून मिळतो, बर्फावरच्या चाचणीवरून नाही. तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह मात्र बर्फावरची चाचणी उतरल्यावरच लागतं. शेजारी नाही, पण त्याच खंडातल्या क्युबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. थंडी दोन्हीकडे आहे; फरक पडतो तो आमदारांची मतं कुठवर जमली यात. कायदा ही सगळ्यांना मान्य झालेली किमान पायरी, तुझ्या सुरक्षिततेचं माप नव्हे.

तू म्हणशील, माझी गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. ती चढावर निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, आणि गाडी थांबते ती रबराच्या पकडीवर. पारा साधारण 7 अंशांखाली गेला की साधं रबर कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं. म्हणून डेन्व्हरात ऊन पडून बर्फ लवकर वितळतो हा युक्तिवादही अर्धाच खरा. पहाटेचा कोरडा रस्ताही गारठलेलाच असतो. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. दुसरा संच एकदम महाग वाटतो, पण तो वापरात असताना पहिला झिजत नाही. शहराबाहेर क्वचितच जाणार असशील तर हिमकणाच्या चिन्हाचे, बारमाही चालणारे ऑल-वेदर टायर घे. दर शनिवारी डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे जाणार असशील, तर पूर्ण हिवाळी संचच घे, आणि चारही चाकांना. दोनच बसवलेस तर वळणावर गाडी फिरू शकते.

राहिलं राजकारण. मला इथे मताधिकार नाही, मग विधिमंडळाशी माझा काय संबंध, असं तुला वाटेल. पण 1988 साली मतदारांनी केलेल्या घटनादुरुस्तीमुळे तिथे प्रत्येक विधेयक समितीपुढे मतदानाला यावंच लागतं, आणि समितीपुढे बोलायला नागरिकत्वाची अट नाही. अधिवेशन जानेवारीत, ऐन बर्फात सुरू होतं. टायरचा विषय पुन्हा निघाला तर आपलं म्हणणं मांड. नियम कडक करा असं म्हणताना, ज्याला चार टायर एकदम परवडत नाहीत त्याच्यासाठी सवलतही माग.

तुझा,
काका