लॅमिंग्टन रोड, पहिली सोसायटी आणि आईचं नाव

प्रश्न : हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून मी रोज कॉलेजला जाते. आमचे एक सर म्हणाले, देशातली पहिली शेतकी सोसायटी याच लॅमिंग्टनसाहेबाच्या काळात आपल्या भागात निघाली. हे खरं का? आणि शेतात दिवसभर राबते ती माझी आई, मग सोसायटीचे सभासद एकटे बाबाच कसे?
— एक वाचक, हुबळी

उत्तर : सर म्हणाले तसं सहसा मानलं जातं, फक्त श्रेय साहेबाला देऊ नका. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला पुढे डॉ. भडकमकरांचं नाव दिलं गेलं, हुबळीत मात्र साहेब अजून टिकून आहेत.

सावकाराऐवजी आपसांतच कर्ज मिळावं म्हणून केलेला सोसायट्यांचा कायदा १९०४ चा, व्हाइसरॉय कर्झनच्या कारकिर्दीतला. त्यामागे खरा धक्का होता तो १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला पेटलेल्या दंग्याचा. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले होते. कायदा आल्यावर पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, गदग तालुक्यातल्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी सोसायटी काढली. गदग तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होतं.

आता आईच्या प्रश्नाकडे येऊ. सोसायटी काढायला अठरा वर्षांवरची दहा माणसं लागत. बाई नको, असं कायद्यात कुठेही नव्हतं. पण गावातल्या सोसायटीची जबाबदारी अमर्याद होती. एकाने कर्ज बुडवलं तर ते बाकीच्यांच्या डोक्यावर येई. साहजिकच सभासद करून घेताना पहिला प्रश्न असे तो जमिनीचा, आणि उतारा होता पुरुषाच्या नावावर. कायद्याने उघडं ठेवलेलं दार उताऱ्याने लावून घेतलं, आणि तरुण मुलालाही बाप असेपर्यंत ते बंदच राहिलं. अजूनही फार फरक पडलेला नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहितींपैकी जेमतेम चौदा बायकांकडे होत्या.

नुसत्या कर्जाने भागत नाही, हे हुबळीकरांना लवकर उमगलं. या भागात कुमठा कापूस होता, त्यात १८४० च्या दशकापासून धारवाड-अमेरिकन वाणाची भर पडली. दोन्हींची भेसळ झाली की भाव पडे. भेसळीचा त्रास इतका, की १८६३ मध्ये मुंबई सरकारने त्यासाठी वेगळा कायदाच केला. दोन-चार गाठोडी घेऊन एकटा आलेला शेतकरी दलालासमोर काय बोलणार? म्हणून १९१५ मध्ये हुबळीत कापूस विक्रीची सहकारी सोसायटी निघाली. सुधारित कापूस लावायचा आणि एकत्र विकायचा, हा तिचा हेतू. माझ्या मते कणगिनहाळइतकीच ही संस्थाही महत्त्वाची, पण तिची आठवण कुणी काढत नाही.

याच कापसात बायकांचे हात पुढे निर्णायक ठरले. १९७२ मध्ये धारवाडच्या संशोधन केंद्रातून ‘वरलक्ष्मी’ हा संकरित कापूस आला. त्याचं बियाणं यंत्राने होत नाही. दुपारनंतर कळी उघडून पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला परागकण लावायचे, असं एकेका फुलाचं काम. या ‘क्रॉसिंग’ला बायका आणि पोरी लागत. पुढे शाळा सोडून राबणाऱ्या मुलींचा प्रश्न संकरित बियाण्याच्या प्लॉटांवर उभा राहिला, तोही याच कामातून. बियाणं ज्यांच्या बोटांनी तयार झालं त्यांची नोंद मजूर म्हणून, आणि शेतकरी तो ज्याच्या नावावर उतारा. हा हिशोब मला तरी पटत नाही.

मग आज काय करता येईल? कंपनी कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांची सोय झाली. तिथेही दहाच उत्पादक पुरतात; १९०४ चा आकडा कसा कोण जाणे, जसाच्या तसा राहिलाय. त्या कायद्यात उत्पादक म्हणजे शेतमालाशी निगडित काम करणारी व्यक्ती. जमीन स्वतःच्या नावावर हवी, असं त्यात म्हटलेलं नाही. उतारा मागितला जातो तो पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीमुळे, आणि नियमावली सभेत बदलता येते. शिवाय २००५ पासून हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे; तुम्हाला तो कायदा लागू असेल तर तुमचाही.

तेव्हा गावाजवळ अशी कंपनी असेल तर तिची नियमावली मागून घ्या, सभासदत्वाचं कलम वाचा आणि आईच्या नावाने अर्ज भरा. नाकारला तर कारण लेखी मागा.