एकट्यासाठी कॅम्पर गाडी: काकतीकराने किती खर्च करावा?

भटकंतीसाठी काकती मोक्याच्या जागी आहे. पुणे-बेंगळुरू महामार्ग गावाला लागून जातो. उत्तरेला वंटमुरी घाट उतरला की हत्तरगी, निपाणी, कोल्हापूर. दक्षिणेला बेळगाव आणि तिथून जांबोटी-चोर्लामार्गे गोवा. एकट्याने फिरायचं आणि गाडीतच झोपायचं, तर कोणती गाडी घ्यावी? खालचे आकडे अंदाजे आहेत. कोटेशन घेऊनच ठरवा.

ओढायची कॅराव्हॅन

एकट्याने या वाटेला जाऊ नये. ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते आणि ओढायला दणकट गाडी लागते. मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिलेली नसेल, तर गॅरेजवाल्याच्या ‘हुक बसवून देतो’ला भुलू नका. चोर्ला घाटाच्या वळणावर ट्रेलर मागे घ्यायची वेळ आली, तर उतरून अंदाज सांगायला सोबत कोणी नसतं.

कोणती गाडी?

*मारुती ईको:* किंमत पाच लाखांच्या थोडी पुढे. पाच सीटच्या गाडीत मागे भरपूर जागा असते आणि सरकत्या दारामुळे चढ-उतार सोपी होते. आत उभं मात्र राहता येत नाही.

*बोलेरो:* आठ लाखांच्या आसपास. खराब रस्त्याला चांगली, पण झोपायला अडचणीची.

*फोर्स ट्रॅव्हलर:* आत उभं राहता येतं. गाडी आणि आतलं काम धरून वीस-पंचवीस लाखांच्या पुढे जाते. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधा हलक्या वाहनाचा (एलएमव्ही) परवाना चालतो, त्यामुळे अडचण परवान्याची नाही. एका माणसासाठी एवढी गाडी पोसण्याची आहे. हजार किलोमीटरला ईको (लिटरला १४ किमी, पेट्रोल १०३ रुपये धरून) साधारण ७,३५० रुपयांचं इंधन पिते, तर ट्रॅव्हलर (लिटरला १० किमी, डिझेल ९१ रुपये धरून) ९,१०० रुपयांचं.

आतला संसार

- सुटा पलंग, गादी: १५ ते २५ हजार
- १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी: २५ ते ३५ हजार
- २०० वॉटचं सोलर पॅनेल, कंट्रोलर, वायरिंग: १५ ते २० हजार
- पंखा, दिवे, खिडक्यांच्या जाळ्या: ६ ते ८ हजार
- सुटं केमिकल टॉयलेट: ८ ते १२ हजार
- स्टोव्ह, भांडी, पाण्याचे कॅन: ५ ते ८ हजार

एकूण ७४ हजार ते १ लाख ८ हजार. या बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास वीज मावते. २० वॉटचा पंखा रात्रभर चालला तरी १६० जातात. हजार वॉटची इंडक्शन अर्धा तास चालवली, की ५०० संपले. म्हणून स्वयंपाक बॅटरीवर ठेवू नका. आंबोली-चोर्ल्याच्या पावसात सोलर जवळजवळ झोपतं. गाडी चालू असताना बॅटरी भरणारा चार्जर बसवून घ्या.

कर आणि कायदा

कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला १४ टक्के आजीवन कर आणि वर उपकर लागतो. महाराष्ट्रात ११ टक्के. म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर नोंदणी करायचा मोह होतो. पण गाडी जिथे राहते तिथलीच नोंदणी हवी. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली, तर फेरनोंदणी लागते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय गाडीत फेरफार करता येत नाही. एका फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. छत उंच करणं, सीट कायमची काढणं टाळा. फर्निचर सुटं ठेवा.

टोलसाठी खासगी गाडीला फास्टॅगचा वार्षिक पास घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा २०० फेऱ्यांना ३,००० रुपये होते. पिवळ्या पाटीच्या गाडीला तो मिळत नाही. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर चूल पेटवू नका. त्याला दंड आहे; २०१९ च्या दुरुस्तीत तो २,००० रुपये होता.

घेण्याआधी

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. तेव्हा आधी भाड्याची कॅराव्हॅन घेऊन दोन रात्री काढा. किलोमीटरची मर्यादा, अनामत आणि चालकाचा भत्ता आधीच विचारा. मग मोजपट्टी घेऊन शोरूममध्ये जा. पाय ताणून झोपता येतं का? रात्री कोणी दार वाजवलं, तर बाहेर न उतरता स्टिअरिंगपाशी पोचता येतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तरच सही करा.

आमचा निवाडा: कर, विमा आणि आतलं काम धरून साडेसात लाखांच्या आसपास तयार होणारी ईको एकट्याला पुरते. त्यापुढचा पैसा इंधनासाठी राखून ठेवा.