सत्पात्री दान : पण पात्र ओळखायचं कसं?

"दान करावं, पण सत्पात्री करावं" असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली आहेत. त्यांच्या काळात ते सोपंही होतं म्हणा! गावातला गरीब मुलगा वार लावून जेवायला यायचा, आपल्या डोळ्यांसमोर पाटावर बसायचा आणि पोटभर जेवून शाळेत जायचा. दान कुठे गेलं हे विचारायची गरजच नव्हती. पण आज मदत मागणारा आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये लढाई पेटली, ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध सुरू झालं. ढिगाऱ्यात उभी असलेली लहान मुलं आपण मोबाईलवर बघतो, गलबलून येतं, आणि खाली एक क्यूआर कोड असतो. मित्रांनो, स्कॅन करण्याआधीच्या त्या एका मिनिटात काय बघायचं, हा या लेखाचा विषय आहे.

विषय सुचायला कारणही तसंच घडलं. यंदा आमच्या हॉस्टेलनं फेस्टमधून उरलेले पैसे आणि खोल्याखोल्यांतून जमवलेली वर्गणी मिळून साडेसतरा हजार रुपये युद्धग्रस्तांसाठी बाजूला काढले. मेसच्या मावशींनी पदराच्या गाठीतून पन्नास रुपये काढून दिले आणि विचारलं, "पोचतील ना गं पैसे तिथवर?" मी म्हटलं, "शोधून सांगते मावशी." तेव्हापासून दोन आठवडे हाच माझा प्रोजेक्ट झाला! गंमत म्हणजे, सगळ्यात चांगलं उत्तर मला परदेशात नाही, तर आपल्या सोलापुरातच सापडलं.

सोलापूरचा धडा : १९३८

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापूरकरांना नवीन नाही. १० ऑक्टोबर १९१० रोजी ते सोलापुरात जन्मले. भय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालं आहे. चीनमध्ये जाऊन त्यांनी जखमींची सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच त्यांचं निधन झालं, एवढं आपण शाळेत शिकतो. पण त्यांना पाठवायला पैसे कुठून आले? इथे खरा धडा आहे.

जुलै १९३७ मध्ये जपाननं चीनवर आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची मागणी केली. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जून १९३८ रोजी वर्तमानपत्रांतून जनतेला आवाहन केलं. जुलैमध्ये देशभर 'चीन दिन' पाळला गेला आणि सुमारे २२,००० रुपयांचा निधी जमला. त्यातून एक रुग्णवाहिका आणि पाच डॉक्टर पाठवायचं ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी अशी ती पाच जणं. सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीला मुंबईहून त्यांची बोट निघाली.

आता विचार करा. देश गुलाम, माणसं गरीब, चीन कुणी पाहिलेला नाही. तरी लोकांनी खिशात हात का घातला? मला त्यामागे पाच कारणं दिसतात.

१) मागणी तिथून आली होती. आपल्याला काय द्यावंसं वाटतं यापेक्षा त्यांना काय हवं आहे हे आधी कळलं होतं.

२) आवाहन करणाऱ्याचं नाव आणि संस्था उघड होती. उद्या गडबड झाली तर जाब कुणाला विचारायचा हे लोकांना ठाऊक होतं.

३) काम नेमकं होतं. 'चीनला मदत' असं मोघम नाही, तर डॉक्टर, औषधं आणि रुग्णवाहिका.

४) पैशाचं रूपांतर ज्यांच्या हातून होणार होतं ती माणसं नावानिशी माहीत होती.

५) हकीकत परत आली. चार डॉक्टर मायदेशी परतले. डॉ. बसूंनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. ख्वाजा अहमद अब्बास यांनी परत न आलेल्या एकावर लिहिलं आणि त्यावरूनच १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस तिथल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले होते. २२,००० रुपयांचं काय झालं, याचा यापेक्षा मोठा हिशेब कुठला?

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्किट पूर्ण होतं. मागणी, आवाहन, पैसा, काम आणि परतीचा हिशेब. यातली एक वायर जरी तुटली तरी दिवा लागत नाही.

नुसती नियत चांगली असून भागत नाही

याच्या उलट उदाहरणही बघू. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पंडित रविशंकर यांचं कूळ मूळचं पूर्व बंगालचं. त्यांना राहवेना. त्यांनी आपला मित्र जॉर्ज हॅरिसन याला गळ घातली आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' झाली. तिकिटविक्रीचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे लवकर गेले. पण रेकॉर्ड आणि चित्रपटातून त्याहून कितीतरी जास्त पैसे आले आणि ते मात्र अमेरिकेच्या करखात्यात कित्येक वर्षं अडकून पडले. का? तर कार्यक्रमाआधी करसवलतीची कागदपत्रं नीट केली गेली नव्हती! कुणी चोर नव्हतं, सगळ्यांची नियत साफ होती. पण भुकेलं मूल करखात्याची फाईल हलेपर्यंत थांबत नाही. म्हणून कागदपत्रं बघणं म्हणजे संशय घेणं नव्हे. तोही सेवेचाच भाग आहे.

आज काय तपासायचं?

नोंदणी : महाराष्ट्रातल्या ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांक विचारा. प्रामाणिक संस्था तो पावतीवरच छापते. ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागायलाही लाजू नका.

करसवलत : आपण ज्याला '८०जी' म्हणतो ते प्रमाणपत्र आहे का, हे आयकर खात्याच्या पोर्टलवर बघता येतं. पण एक लक्षात ठेवा, हे प्रमाणपत्र किंवा 'एनजीओ दर्पण'वरची नोंद म्हणजे पासिंगपुरते मार्क. संस्था अस्तित्वात आहे एवढंच त्यातून कळतं. ती काम चांगलं करते की नाही हे पुढे तपासायचं.

खातं : यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी समोर नाव येतं. ते संस्थेचं आहे की कुणा व्यक्तीचं? व्यक्तीचं असेल तर तिथेच थांबा.

पोहोच : त्या युद्धभूमीवर संस्थेची माणसं आहेत का? १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमींचे हाल पाहून आँरी द्युनाँ या व्यापाऱ्यानं जे काम सुरू केलं, त्यातून १८६३ मध्ये जिनिव्हात रेडक्रॉस उभी राहिली. तिची आंतरराष्ट्रीय समिती कोणत्या देशात किती खर्च झाला हे वार्षिक अहवालात छापते. भारतीय रेडक्रॉस सोसायटी तर १९२० च्या कायद्यानंच स्थापन झालेली आहे. एखादा स्थानिक ट्रस्ट "तुमचे पैसे आम्ही थेट परदेशात पोचवतो" म्हणाला, तर कसे आणि कुणामार्फत हे विचारा. आपल्याकडे ट्रस्टनं देशाबाहेर खर्च करण्यावर आयकर कायद्याच्या अटी आहेत. खऱ्या संस्थेकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं.

'पुरे' म्हणायची तयारी : हे मला सगळ्यात आवडलं. २००४ च्या त्सुनामीनंतर 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेनं काही दिवसांतच जाहीर केलं, की त्सुनामीच्या कामापुरते पैसे जमले, आता त्या नावानं देऊ नका. येणारा पैसा नको म्हणणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवायला हरकत नाही!

ही यादी आम्ही वापरूनही बघितली. आमच्या ग्रुपवर एक पोस्टर फिरत होतं. रडणाऱ्या मुलाचा फोटो, 'आज रात्री १२ पर्यंतच' अशी मुदत आणि खाली क्यूआर कोड. स्कॅन केल्यावर कुणा व्यक्तीचं नाव आलं. आम्ही दिलेल्या नंबरवर मेसेज करून नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर आलं, "ताई, विश्वास ठेवा." आम्ही परत विचारलं. मग काहीच उत्तर नाही. युद्धग्रस्तांची गरज रात्री बारा वाजता संपत नसते. घाई असते ती फसवणाऱ्याला.

दोन गैरसमज

पहिला, "शंभर टक्के पैसे पीडितांना" असं म्हणणारी संस्था सर्वात चांगली. खरंच? लस थंड ठेवायला फ्रिज लागतो, फ्रिजला जनरेटर, जनरेटरला डिझेल आणि हे सगळं सांभाळायला पगारी माणूस. कोटणीसांच्या पथकाला बोटीनं जायचं म्हणजे खर्च होताच की. तो 'ओव्हरहेड' म्हणून वाया गेला असं कोण म्हणेल? खर्च शून्य आहे का यापेक्षा तो कशावर झाला हे लिहिलंय का, ते बघा.

दुसरा, पैशांपेक्षा वस्तू बऱ्या. आमच्याकडेही एकीनं सुचवलं, "आपण सोलापूरच्या, मग चादरी पाठवू या!" कल्पना गोड आहे. सोलापुरी चादर ऊब देते यात शंकाच नाही. पण परदेशात पाठवायचं भाडं, कस्टम आणि गोदाम धरलं तर त्याच पैशांत तिथल्या जवळच्या बाजारात जास्त चादरी मिळतील आणि त्या वेळेवर मिळतील. शिवाय तिथे चादर हवी आहे की पाणी, हे तिथल्या माणसालाच ठाऊक.

आणि आपल्या घरचं युद्ध?

युद्धाचे बळी फक्त परदेशात नसतात. आपल्या आजूबाजूच्या गावांतही जवानांच्या विधवा आणि अपंग होऊन परतलेले सैनिक आहेत. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. शाळेत आपण छातीला लावायचे छोटे झेंडे विकत घ्यायचो, ते पैसे याच निधीत जातात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आपण स्वतः चौकशी करू शकतो. १९६२ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय संरक्षण निधीही आहे. इथे पैसे कुठे गेले हे विचारायला विमानाचं तिकीट लागत नाही, सिटी बस पुरते!

आपला हिशेब आधी

शेवटी एक गोष्ट. संस्थेला आपण पाच प्रश्न विचारतो, पण वर्गणी गोळा करणारे आपणही एक छोटी संस्थाच झालेलो असतो. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत लेंटच्या दिवसांत वर्गात पत्र्याचा डबा ठेवायचे. दर शुक्रवारी सिस्टर तो आमच्यासमोर उघडायच्या, दोन मुलींकडून नाणी मोजून घ्यायच्या आणि आकडा फळ्यावर लिहायच्या. तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. आता कळतं, तेच आमचं पहिलं ऑडिट होतं. कायदाही वेगळं सांगत नाही. धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांना कळवावं लागतं. गणेश मंडळं 'कलम ४१ क'ची परवानगी काढतात ती यासाठीच. म्हणून हॉस्टेलबाहेर डबा फिरवायचा विचार असेल तर आधी रेक्टर सरांना आणि मॅडमना विचारा आणि रीतसर परवानगी घ्या.

हॉस्टेल कमिटीपुढे मी प्रस्ताव ठेवला आहे, की निम्मी रक्कम रेडक्रॉसच्या कामाला आणि निम्मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत ध्वजदिन निधीला द्यावी. दोन्हीकडून पावती घ्यावी, आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि त्या पावत्या मेसच्या दाराशी नोटीस बोर्डवर लावाव्यात. दहा रुपये देणाऱ्यालाही त्या वाचायचा तेवढाच हक्क आहे. कुणाला यापेक्षा चांगली संस्था माहीत असेल तर नक्की सुचवा, मात्र वरचे प्रश्न तिलाही विचारून या.

दया मनात येते ती क्षणात. ती योग्य माणसापर्यंत पोचवायला थोडे कष्ट पडतात. पण परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्ससाठी आपण जेवढी पळापळ करतो, त्याच्या निम्मी जरी इथे केली तरी पुष्कळ आहे. बघा, पटतंय का!