बाळाला सिद्धगडला न्या, बाळाची बाटली घरी ठेवा

‘डॉक्टर, ऊन केवढं आहे! बाळाचा घसा कोरडा पडत असेल. दोन चमचे पाणी तरी पाजू ना?’ शिमगा जवळ आला की हा प्रश्न मला रोज विचारला जातो. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल आणि आईच्या दुधावर असेल, तर उत्तर ‘नाही’ असं आहे. दोन चमचेही नाही. उकळून गार केलेलं नाही, ग्लुकोज घातलेलं तर अजिबात नाही. हे उत्तर ऐकून पालक मान डोलावतात, बाहेर जातात आणि बाकावर बसलेल्या आजींच्या पिशवीतून बाटली निघते. म्हणून आज सविस्तर लिहितो.

गेल्या काही वर्षांत मुरबाड-शहापूरच्या डोंगरांत तान्ही बाळं घेऊन येणारी तरुण जोडपी वाढली आहेत. कल्याण, बदलापूर, डोंबिवलीहून सकाळी निघायचं, म्हसा ओलांडून नारिवली नाहीतर बोरवाडी गाठायची आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलात दिवस काढायचा. लग्नाआधी दोघं गोरखगड-मच्छिंद्रगड चढलेले असतात आणि बाळंतपणानंतर आईचा जीव चार भिंतींत घुसमटलेला असतो. अशा आईला मोकळ्या हवेची गरज असते आणि तिला घेऊन बाहेर पडणाऱ्या घराचं मला कौतुक वाटतं. ‘बाळाला डोंगरातलं वारं लागेल’ ही भीती मनातून काढून टाका. सिद्धगडाची उंची हजार मीटरच्या आत आहे. इथली हवा विरळ नाही, ती बाळाला काहीही करत नाही. या भागातल्या वाड्यांमधली पोरं याच हवेत वाढली. आवणीच्या दिवसांत बांधावरच्या झाडाला झोळी टांगून आया शेतात उतरतात आणि बाळ रडलं की चिखलाचे हात धुऊन पाजायला बसतात.

डोंगर बाळाला बाधत नाही. बाधतं ते आपण पिशवीत घालून नेलेलं.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी साडेतीन महिन्यांची एक मुलगी माझ्याकडे आली. घरची माणसं शिकलेली, काळजी घेणारी. शनिवार-रविवार डोंगरपायथ्याशी तंबूत मुक्काम होता. ऊन लागू नये म्हणून बाळ सावलीत ठेवलं होतं, टोपी घातली होती. पण पोर रडलं की प्रत्येक वेळी बाटलीतून पाणी दिलं जात होतं, मध्ये दोनदा ग्लुकोजचं पाणी. पोट पाण्यानं भरल्यामुळे मुलगी दूध ओढेना. दूध ओढत नाही म्हणजे उन्हानं मलूल झाली असं वाटून आणखी पाणी दिलं. रविवारी संध्याकाळी परतीच्या वाटेवर तिचे डोळे एका बाजूला फिरले आणि हातपाय झटके देऊ लागले. रक्तातलं सोडियम १२० च्याही खाली गेलं होतं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. वडील पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, ‘डॉक्टर, आम्ही पाणी कमी पडू दिलं नाही हो.’ त्यांचं खरंच होतं. पोरीला झटके आले ते पाणी जास्त झाल्यामुळे. दाखल करून सोडियम हळूहळू, अगदी बेतानं वर आणावं लागलं. ती पूर्ण बरी झाली. आजी मात्र त्या दिवसांत जेवल्या नाहीत. त्यांना मी एवढंच म्हटलं, ‘आजी, तुमची माया खरी आहे. फक्त ती पाण्यातून देऊ नका.’

हे का होतं, तेवढं थोडक्यात सांगतो. तान्ह्या बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. जादा पाणी झपाट्यानं बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. ते पाणी रक्तात साचतं, सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येते आणि झटके येतात. दुसरा तोटा रोजचा आहे. बाळाचं पोट इवलंसं असतं, त्यात पाणी गेलं की तेवढं दूध आत जात नाही आणि वजन वाढणं थांबतं. शिवाय बाटली, बूच, पाणी यांतून जुलाबाचे जंतू जातात ते वेगळेच.

मग बाळाची तहान कशी भागते? आईच्या दुधात जवळपास ८७ ते ८८ टक्के पाणीच असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, मागाहून येणारं दाट. उन्हाच्या दिवसांत बाळ थोड्या थोड्या वेळानं मागतं आणि पातळ दूध जास्त पितं. त्याची तहान तिथंच भागते. जागतिक आरोग्य संघटनेचा पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाचा सल्ला उष्ण प्रदेशांनाही तसाच लागू आहे. तेव्हा ‘तो सल्ला थंड देशांतल्या बाळांसाठी, आपल्याकडे ऊन असतं’ हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते साफ खोटं आहे.

पाणी प्यायचं आहे ते आईनं. चढावर बाळाचं सामान, पाठीवरची पिशवी, सगळ्यांचे डबे यांची चिंता करताना ती स्वतः तहानलेली राहते. तिला बाटली पुढे करण्याचं काम बाळाच्या बाबांनी अंगावर घ्यावं. आणि बाळ मागेल तेव्हा थांबावं. ‘वर पोचल्यावर पाज’, ‘लोक बघतील, गाडीत जाऊन पाज’ हे बोलणं बंद करा. झाडाखाली बसून पाजण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

‘उन्हात बाळाला पाणी पाजावं’ या समजुतीची एक सख्खी बहीण आहे: ‘आई उन्हातून आली की तिचं दूध तापतं, पहिली धार पिळून टाकावी, तासभर पाजू नये.’ दूध आईच्या अंगात असतं, अंगाच्याच उष्णतेचं असतं. उन्हात फिरून आल्यानं ते तापत नाही, नासत नाही. पहिली धार पिळून टाकता तेव्हा नेमकं तहान भागवणारं दूधच मातीत जातं.

मी हे फक्त फिरायला येणाऱ्यांसाठी लिहीत नाही. दिवाळीनंतर मुरबाड-शहापूरमधली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची तान्ही बाळंही दिवसभर उघड्यावरच असतात, पण ती हौस नाही, पोटाची गरज आहे. भट्टीची धग, वरून ऊन, आई विटा थापते आहे आणि मोठी बहीण, जी स्वतः सहा-सात वर्षांची आहे, बाळाला पिंपातलं पाणी पाजते आहे. त्या पाण्यानं होणारे जुलाब मी दर उन्हाळ्यात बघतो. भट्टीमालकांना माझी हात जोडून विनंती आहे, पाजायला बसलेल्या बाईची मजुरी कापू नका आणि बाळांसाठी सावलीची एक जागा करा. आशाताई आणि अंगणवाडी ताई भट्टीवर जातात तेव्हा त्यांनी वजनाबरोबर ‘पाणी पाजता का?’ हेही विचारावं. कारण आई ते आपणहून सांगत नाही. पाणी पाजणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असं तिला वाटतच नाही.

ज्यांच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्यानं पावडरचं दूध चालू आहे, त्यांनी डब्यावर लिहिलेलं पाण्याचं आणि पावडरीचं माप पाळावं. ‘ऊन आहे, जरा पातळ करू’ म्हणून वाढवलेलं पाणी आणि बाटलीतलं निव्वळ पाणी, दोन्हींचा धोका एकच. उकळलेलं पाणी थर्मासात न्या, दूध ऐन वेळी तयार करा, उरलेलं फेकून द्या. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की वाटीतून घोट घोट पाणी द्यायला हरकत नाही.

आता इतर उपद्व्याप. रस्त्याच्या कडेला मिळणारा रानातला मध ‘शुद्ध आहे, भेसळ नाही’ म्हणून बाळाच्या जिभेला लावतात. मध जितका शुद्ध तितका तान्ह्याला चांगला, हे कुणी सांगितलं? मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, पण बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. वर्षाच्या आत मध नको, म्हणजे नको. डासांसाठी कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं किंवा कापूर घातलेला बाम छातीला चोळणंही तसंच. कापूर बाळाच्या पोटात किंवा अंगात मुरला तर झटके येतात. डासांना चांगली, जाळीची मच्छरदाणी आणि अंगभर सुती कपडे पुरतात.

सगळ्यात जास्त राग मला गुंगीच्या सिरपचा येतो. ‘वळणाचा रस्ता आहे, गाडीत रडेल, म्हणून मेडिकलवाल्यानं सर्दीचं औषध दिलं.’ झोपेल म्हणून दिलेलं औषध बाळाचा श्वास मंदावू शकतं. सर्दीच्या औषधांत नेहमी आढळणारं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तरी ते काउंटरवर मिळतं आणि रीलमध्ये ‘ट्रॅव्हल हॅक’ म्हणून दाखवलं जातं. ज्या माणसाला तुमच्या बाळाचं वजन ठाऊक नाही, त्याच्या सांगण्यावरून बाळाला थेंबही देऊ नका.

बाळ पोटाशी बांधून नेत असाल तर त्याचा चेहरा तुम्हाला सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, नाहीतर श्वासाची वाट दबते. ऊन लागू नये म्हणून वरून ओढणी झाकतात, आतली हवा कोंडते आणि बाळ भाजून निघतं. सावली हवी तर छत्री धरा. सहा महिन्यांच्या आत सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावलीत राहणं बरं. पाठीवरच्या चौकटीच्या पिशवीत बाळ स्वतः नीट बसायला लागल्याशिवाय घालू नका. बंद गाडीत तर एक मिनिटही सोडू नका. उन्हात उभ्या गाडीतली हवा दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढते. आणि बाळ अंगावर घेऊन बालेकिल्ल्याची चढण चढू नका. तुम्ही कितीही गड केले असतील, पण घसरडीवर तुमचा तोल गेला तर बाळ तुमच्या अंगाखाली येतं. पायथ्याचं जंगल पुरेसं सुंदर आहे.

बाळाला पाणी पुरतं की नाही हे ओळखायचं ते लघवीवरून. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, ती फिकट असेल आणि बाळ जोर लावून ओढत असेल, तर निर्धास्त राहा. घाम आला, ओठ किंचित सुकले, दोनदा जास्त रडलं, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाजा.

पण लघवी सहा तास झाली नाही, टाळू खोल गेली, तोंड आतून कोरडं आहे, बाळ दूध ओढेनासं झालं, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, अंग गार पडलं किंवा झटका आला, यातलं काहीही दिसलं तर सहल तिथंच संपली. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरी थांबून औषध करण्याचा प्रश्नच नाही, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. श्वास मोजायला शिका. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त आणि त्यानंतर वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असेल तर तो धोका आहे.

झटका आला तर चप्पल हुंगवू नका, कांदा फोडू नका, दातखीळ काढायला चमचा घालू नका. बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, किती वेळ झटका आला ते घड्याळात बघा आणि निघा. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा, पण सिद्धगडाच्या जंगलात फोन सगळीकडे लागत नाही. म्हणून शेवटची रेंज कुठे होती हे जाताना ध्यानात ठेवा. मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय, यांपैकी तुम्हाला कोणतं जवळ पडतं हे घरून निघण्याआधी बघून ठेवा. वाटेत अंगारा लावणारा कुणी भेटला तर त्याच्यासाठी गाडी थांबवू नका. बाळ शुद्धीवर असेल आणि ओढत असेल तर आईनं गाडी थांबवून पाजावं, शुद्ध नसेल तर दूधही नको.

एका वाचक आईनं विचारलं आहे की, तिच्या घरचे सगळे दर वर्षी २ जानेवारीला सिद्धगडच्या हुतात्मा स्मारकाला जातात. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ साली त्याच तारखेला तिथं धारातीर्थी पडले, आणि आजेसासऱ्यांच्या काळापासून त्यांनी ही वारी चुकवलेली नाही. बाळ तेव्हा अडीच महिन्यांचं असेल, न्यावं का? ताई, न्या. सहा आणि दहा आठवड्यांच्या लशी वेळेवर झालेल्या असू द्या. जानेवारीची पहाट तिथं बोचरी असते, बाळाला एकावर एक सुती कपडे, टोपी, मोजे घाला आणि तुमच्या अंगाशी धरा. ऊन चढलं की एकेक कपडा काढा. गर्दीत बाळ हातोहात फिरवू देऊ नका, खोकणाऱ्या माणसाला मुका घेऊ देऊ नका, तो घरचा असला तरी. मागेल तेव्हा पाजा. बाटली नेऊ नका, कुणी आग्रहानं दिली तर डॉक्टरांनी मना केलंय म्हणून सांगा, माझं नाव पुढे करा. आणि दुपारच्या उन्हाआधी परतीला लागा.