निंदा नाही, पण दाद मागितली

आजचे शास्त्रवाचन : १ पेत्र २:१८-२५



पेत्राचे पहिले पत्र वाचता वाचता आज आपण एका अवघड जागी आलो आहोत. २३ व्या वचनात पेत्र येशूच्या सहनशीलतेबद्दल सांगतो : निंदा सोसली, उलट निंदा केली नाही, न्याय पित्यावर सोपवला. हे वचन आपण फार वेळा दुसऱ्याला गप्प बसवायला वापरतो. विशेषतः बायकांना. "सोस बाई, प्रभूनेही सोसलं ना!" मला हा अर्थ पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी आज एका शिक्षिका सिस्टरची गोष्ट घेतली आहे.

मेरी मॅकिलॉप. जन्म १८४२, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात. आईवडील स्कॉटलंडहून आलेले, आठ भावंडांत ही थोरली. वडिलांच्या हाती पैसा टिकत नसे, म्हणून लहान वयातच तिला कमवायला लागावं लागलं. दुकानात काम केलं, मग मुलांना शिकवू लागली. पेनोला या आडगावात फादर ज्युलियन टेनिसन वुड्स यांच्या साथीने तिने १८६६ मध्ये एका जुन्या तबेल्यात शाळा सुरू केली. तबेल्याची डागडुजी तिच्या भावाने केली. ज्याला जमेल त्याने फी द्यावी. ज्याला जमणार नाही त्याचं मूलही त्याच बाकावर बसेल.

यातून संत योसेफाच्या भगिनींची संस्था उभी राहिली. या सिस्टर मोठ्या मठात राहत नसत. दोघी-तिघी मिळून गरिबांच्या वस्तीत, साध्या घरात राहायच्या. पाच वर्षांत त्या शंभराहून जास्त झाल्या. इतक्या पांगलेल्या बायकांना बांधून ठेवणारी गोष्ट एकच : त्यांची प्रमुख त्यांच्यातलीच एक असे, आणि जिथे गरज तिथे ती सिस्टर पाठवी.

ठिणगी इथेच पडली. ॲडलेडचे बिशप शील यांना हा नियम बदलायचा होता. नव्या नियमाखाली मी राहू शकत नाही, असं मेरीने नम्रपणे कळवलं. २२ सप्टेंबर १८७१ रोजी ती गुडघे टेकून असताना बिशपांनी तिला चर्चमधून बहिष्कृत केलं. वय अवघं २९. पवित्र कम्युनियन बंद! कॅथलिक माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? पुष्कळ सिस्टर बेघर झाल्या. त्यांना बिनभाड्याचं घर दिलं ते एका यहुदी व्यापाऱ्याने. (लूकच्या १० व्या अध्यायातला शोमरोनी आठवला ना?)

मेरीने बिशपांची निंदा केली नाही, सिस्टरांनाही करू दिली नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, बिशपांनी बहिष्कार उठवला.

गोष्ट इथेच थांबवली तर 'सोस बाई' म्हणणारे खूश होतील. पण १८७३ मध्ये मेरी थेट रोमला गेली, पोप नववे पायस यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडायला. रोमने नियमात काही फेरफार केले, पण सिस्टरांची प्रमुख सिस्टरच राहिली. याची किंमतही पडली. ते फेरफार फादर वुड्स यांना रुचले नाहीत, आणि ती जुनी मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही. संस्थेला कायमची मान्यता मिळायला १८८८ साल उजाडलं.

आता वचन परत बघा. पेत्र निंदा आणि धमकी यांबद्दल बोलतो. प्रश्न विचारू नका, असं तो कुठे म्हणतो? योहान १८:२३ मध्ये येशूला चापट मारली जाते, तेव्हा तो मारणाऱ्याला सरळ कारण विचारतो. प्रेषितांची कृत्ये २५:११ मध्ये पौल कैसराकडे दाद मागतो. आणि पेत्राचं हे बोलणं १८ व्या वचनातल्या घरच्या दासांशी आहे. त्या बिचाऱ्यांना दाद मागायला बहुधा दारच नव्हतं. ज्यांना दार आहे त्यांच्या तोंडावर ते याच वचनाने बंद करणं, हे मला शास्त्राचा दुरुपयोग वाटतो.

मेरीला १७ ऑक्टोबर २०१० रोजी संतपद मिळालं, ऑस्ट्रेलियातली ती पहिली संत. तिचा सण ८ ऑगस्टला असतो.

उद्या तिसरा अध्याय. सुरुवातीची वचनं पत्नींना उद्देशून आहेत. नवरा-बायकोने शक्यतो एकत्र बसून वाचावीत.